सामायिक भाषेचा भार कोणी वाहायचा?

२० ऑक्टोबर २०१० या दिवशी ॲपल या अमेरिकन संगणक-कंपनीने दोन गोष्टी केल्या. एक समारंभपूर्वक केली, दुसरी एका तांत्रिक टिपणाच्या आड. मॅक संगणकांसाठी प्रोग्रॅम विकणारे एक नवे दुकान कंपनी उघडणार असल्याची घोषणा तिचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी त्या दिवशी केली. त्याच दिवशी जावा या संगणक-भाषेची एक नेहमीची दुरुस्त आवृत्ती मॅकच्या ग्राहकांसाठी प्रसिद्ध झाली. तिच्यासोबतच्या टिपणात असे नमूद होते की, ॲपलने स्वतः बनवून दिलेली जावाची यंत्रणा आता मोडीत निघाली आहे असे समजावे आणि मॅकच्या पुढील आवृत्त्यांत ती असेलच असे कोणी गृहीत धरू नये. बाजारात असलेल्या दोन आवृत्त्यांपुरती देखभाल नेहमीच्या मुदतीपर्यंत चालेल, एवढे आश्वासन तेवढे त्यात होते.

टिपण लहान होते, पण खळबळ मोठी झाली. दहा वर्षे ज्या सोयीवर विसंबून जगभरच्या प्रोग्रॅमरांनी मॅक विकत घेतले होते, ती सोय एका परिच्छेदाने अनिश्चित झाली. काहींनी याला विश्वासघात म्हटले; काहींनी, कंपनी ही धर्मादाय संस्था नव्हे, असे उत्तर दिले. हा धुरळा आता पुरता बसला असून पुढे काय घडले तेही ज्ञात आहे. तेव्हा रागलोभ बाजूला ठेवून या प्रकरणाचा विचार करता येईल, आणि तो करणे अगत्याचे आहे. कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न एका कंपनीपुरता नाही. जी वस्तू सर्वांच्या उपयोगाची असते, पण जिची देखभाल निरनिराळ्या मालकांनी आपापल्या अंगणापुरती करायची असते, तिचा भार कोणी वाहायचा? आणि एखाद्याने तो खाली ठेवायचे ठरविले, तर ज्यांचे व्यवहार तिच्यावर उभे आहेत त्यांनी काय करायचे? महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या जावा शिकून नोकरीला लागल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न परका नाही.

दुभाष्याची व्यवस्था

जावा म्हणजे काय हे प्रथम थोडक्यात पाहिले पाहिजे. प्रत्येक जातीच्या संगणकाची आज्ञा समजून घेण्याची रीत वेगळी असते. विंडोजसाठी तयार केलेला प्रोग्रॅम मॅकवर जसाच्या तसा चालत नाही आणि मॅकचा विंडोजवर चालत नाही. म्हणून एकच काम करणारा प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रासाठी निराळा लिहावा लागे. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने मे १९९५ मध्ये जावा जाहीर केली ती या अडचणीवरचा उपाय म्हणून. जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली युक्ती अशी: प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मजकुराचे भाषांतर कोणत्याही एका यंत्राच्या बोलीत न करता एका मधल्या बोलीत करायचे आणि प्रत्येक यंत्रावर ही मधली बोली जाणणारा एक दुभाष्या बसवायचा. या दुभाष्याला तांत्रिक परिभाषेत आभासी यंत्र म्हणतात. दुभाष्या जागेवर असला की प्रोग्रॅमला आपण विंडोजवर आहोत की मॅकवर, याची फिकीर करावी लागत नाही. ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ ही जावाची घोषणा या व्यवस्थेवर उभी होती.

घोषणा आकर्षक होती. परंतु तिच्यात एक अट दडलेली होती. दुभाष्या आपोआप जन्माला येत नाही. प्रत्येक यंत्रासाठी तो कोणीतरी घडवावा लागतो. यंत्र बदलले की बदलावा लागतो, भाषेची नवी आवृत्ती निघाली की शिकवावा लागतो आणि त्यात चोरवाट सापडली की ती तातडीने बुजवावी लागते. विंडोज, लिनक्स आणि स्वतःची सोलॅरिस प्रणाली यांच्यासाठी हे काम सन कंपनी करी. आयबीएम आपल्या यंत्रांसाठी करी. मॅकसाठीचे काम ॲपलने आपल्याकडे घेतले होते. त्यामुळे प्रोग्रॅमरला जी एकसंध भाषा दिसत होती, ती प्रत्यक्षात अनेक मालकांच्या स्वतंत्र मर्जीवर तोललेली होती. यांपैकी एकाने हात काढला, तर ‘कोठेही’ या शब्दातील तेवढा प्रदेश गळून पडणार हे उघड होते.

गरजेचे अर्थशास्त्र

ॲपलने हे काम मुळात का स्वीकारले आणि पुढे का सोडले, याचे उत्तर कंपनीच्या स्वभावात शोधण्यापेक्षा तिच्या बाजारपेठेतील स्थानात शोधावे. २००० साली ॲपल दुर्बल होती. बहुसंख्य संगणक विंडोजवर चालत; साहजिकच प्रोग्रॅम लिहिणारे आधी विंडोजसाठी लिहीत आणि मॅकच्या वाट्याला उरलेसुरले येई. प्रोग्रॅम कमी म्हणून ग्राहक कमी आणि ग्राहक कमी म्हणून प्रोग्रॅम कमी, या चक्रातून बाहेर पडण्याची वाट दाखवणारी भाषा म्हणजे ॲपलच्या दृष्टीने पर्वणीच होती. म्हणूनच जून २००० मध्ये जावाच्या वार्षिक मेळाव्यात सन कंपनीच्या प्रमुखांसमवेत व्यासपीठावर उभे राहून जॉब्ज यांनी मॅकला जावासाठीचे सर्वोत्तम यंत्र बनविण्याची ग्वाही दिली. मार्च २००१ मध्ये आलेल्या मॅकच्या नव्या प्रणालीत जावा अंगभूत होती. इतकेच नव्हे, तर खास मॅकचे म्हणून जे प्रोग्रॅम लिहायचे तेही जावातून लिहिण्याची सोय ॲपलने करून दिली होती.

पुढच्या दहा वर्षांत परिस्थिती पालटली. मॅकचे खास प्रोग्रॅम जावातून लिहिण्याच्या सोयीत यापुढे भर पडणार नाही, असे २००५ सालीच सांगण्यात आले. २००७ मध्ये आयफोन आला. त्यात जावाला जागाच नव्हती. २०१० मध्ये आयपॅड आला. प्रोग्रॅमरांची मनधरणी करणारी कंपनी आता त्यांना अटी घालू लागली. एप्रिल २०१० मध्ये जॉब्ज यांनी फ्लॅश या दुसऱ्या एका बहुयंत्री साधनाविषयी जाहीर पत्र लिहिले. यंत्र आणि प्रोग्रॅमर यांच्यामध्ये तिऱ्हाइताचा थर आला की प्रोग्रॅम निकृष्ट होतात आणि यंत्राची प्रगती त्या तिऱ्हाइताच्या गतीवर अवलंबून राहते, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच महिन्यात आयफोनसाठीचे प्रोग्रॅम मुळात कोणत्या भाषांत लिहिलेले असावेत यावर बंधन आले. सप्टेंबरमध्ये ते सैल करण्यात आले. पण वाऱ्याची दिशा स्पष्ट होती. ऑक्टोबरचे टिपण त्याच दिशेने आले.

‘गरज सरो नि वैद्य मरो’ ही म्हण येथे कोणालाही आठवेल. परंतु या वैद्याला एका यजमानानेच टाकले असे नाही. त्यापूर्वी मायक्रोसॉफ्टने जावाची परवानगी घेऊन तिच्यात फक्त विंडोजवर चालतील अशा खुब्या मिसळल्या होत्या. सन कंपनीने १९९७ मध्ये त्यावर दावा लावला. २००१ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तो मिटविला आणि त्यानंतर जुनी आवृत्ती तेवढी काही वर्षे वापरण्याची मुभा तिच्याकडे राहिली. दरम्यान अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टविरुद्ध चालविलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये नोंदविलेल्या निष्कर्षांत हे मर्म नेमके पकडले होते. विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांचा प्रचंड साठा हीच प्रतिस्पर्ध्यांपुढील भिंत आहे आणि कोठेही चालणारी भाषा त्या भिंतीला खिंडार पाडते, म्हणून मायक्रोसॉफ्टने तिचा मार्ग अडविला, असा त्यांचा आशय होता.

या दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक साधा नियम हाती येतो. सामायिक मापाचा पुरस्कार लहान व्यापारी करतो. मोठा झाला की त्याला स्वतःचे माप सोयीचे वाटू लागते. यात कोणाला खलपुरुष ठरविण्याचे कारण नाही. तथापि जो व्यवहार एखाद्या कंपनीच्या आजच्या गरजेवर उभा असतो, तो तिच्या उद्याच्या भरभराटीत कोसळू शकतो, एवढे ध्यानात ठेवावयास हवे.

ॲपलची बाजू

ॲपलच्या निर्णयामागे केवळ मतलब होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. एका प्रोग्रॅमरच्या पत्राला उत्तर देताना जॉब्ज यांनी जे कारण सांगितले ते वजनदार होते. इतर यंत्रांसाठी जावा तिचा मालकच पुरवितो. त्याचे वेळापत्रक वेगळे, ॲपलचे वेगळे. परिणामी ॲपलच्या हातून ग्राहकाला मिळणारी जावा नेहमीच एक पाऊल मागे राहते आणि ही काही उत्तम पद्धत नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे किती खरे होते, याचा पुरावा दीड वर्षाने मिळाला. ओरॅकल कंपनीने जानेवारी २०१० मध्ये सन कंपनी सुमारे ७४० कोटी डॉलरच्या व्यवहारात विकत घेतली होती व जावाची मालकी तिच्याकडे आली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये ओरॅकलने जावातील एक धोकादायक चोरवाट बुजविली. मॅकवरील जुनी जावा अजून ॲपलच्याच ताब्यात होती आणि तिची दुरुस्ती एप्रिलच्या आरंभी निघाली. मधल्या सात आठवड्यांत ‘फ्लॅशबॅक’ नावाच्या दुष्ट प्रोग्रॅमने त्याच वाटेने शिरून सुमारे ६ लाख मॅक ताब्यात घेतले. एका कुलपाच्या किल्ल्या दोन पहारेकऱ्यांकडे असल्या आणि एक उशिरा जागा होत असला, तर चोराचे फावते. घरगुती संगणकावर जावाचा वापर तोवर ओसरला होता आणि तिचे खरे राज्य बँका, विमा कंपन्या व मोठ्या कार्यालयांच्या मध्यवर्ती संगणकांवर होते, हेही ॲपलच्या बाजूने सांगता येईल. अशा स्थितीत दुभाष्या पोसण्याचे काम ज्याची भाषा त्याच्याकडे सोपविणे हे शहाणपणाचेच होते.

भार ठेवणे आणि दार लावणे

मग आक्षेप कशावर घ्यायचा? आक्षेपार्ह गोष्टी दोन होत्या आणि त्या मूळ निर्णयापासून वेगळ्या काढून पाहिल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे दुकानाची नियमावली. ज्या दिवशी जावा मोडीत काढली, त्याच दिवशी जाहीर झालेल्या नव्या दुकानाच्या नियमांत मोडीत निघालेल्या अथवा ग्राहकाने वेगळ्या बसवून घ्यावयाच्या यंत्रणांवर चालणारे प्रोग्रॅम नाकारले जातील असे कलम होते आणि उदाहरणादाखल जावाचे नाव होते. आपल्या खांद्यावरचा भार खाली ठेवणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. परंतु भार खाली ठेवणारा, वस्तू मोडीत निघाली हे ठरविणारा आणि मोडीतली वस्तू बाजारात येऊ न देणारा, हे तिघे एकच असले म्हणजे हक्काचे रूपांतर सत्तेत होते. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या किमतीतून त्या वेळी ३० टक्के वाटा या दुकानाचा होता, हे लक्षात घेतले तर त्या सत्तेचे मोल कळते. पुढे प्रोग्रॅमच्या पोटातच दुभाष्या बांधून देण्याची वाट निघाली. पण ती आधी दाखवून मग दार लावले गेले असते, तर तक्रारीला जागा राहिली नसती.

दुसरी गोष्ट सूचनेची. हे काम यापुढे कोण करील, याविषयी त्या टिपणात एक अक्षर नव्हते. ओरॅकल करील की नाही, याचा उलगडा १२ नोव्हेंबरला दोन्ही कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढले तेव्हा झाला. मधले तीन आठवडे प्रोग्रॅमरांनी व लहान व्यवसायांनी अंधारात काढले. तीन आठवडे हा फार मोठा काळ नव्हे, असे म्हणता येईल. पण ज्याने त्याच महिन्यात कार्यालयासाठी नवी यंत्रे खरेदी केली, किंवा मॅकवर चालेल म्हणून ग्राहकाला प्रोग्रॅमचे वचन दिले, त्याच्यापुरता तो निर्णायक ठरू शकतो. घराचा मालकसुद्धा भाडेकरूला मुदत देतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. निर्णयाचा लाभ एकाच्या पदरात पडतो आणि खर्च अशांच्या माथी बसतो, ज्यांना निर्णयाच्या वेळी कोणी विचारलेले नसते.

तोडगा कोठून आला

तीन आठवड्यांनी तोडगा निघाला हे खरे. मात्र तो निघू शकला याचे कारण आधीच्या एका घटनेत आहे. सन कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये जावाचा मूळ आराखडा सार्वजनिक परवान्याखाली खुला करण्याचे ठरविले आणि पुढील वर्षी ओपनजेडीके या नावाने तो सर्वांच्या हाती आला. कोणीही तो वाचावा, सुधारावा आणि वाटावा, अशी त्याची अट आहे. नोव्हेंबर २०१० च्या निवेदनात ॲपलने मॅकसाठीच्या आपल्या कामाचा बहुतेक भाग या सामायिक भांडारात जमा करण्याचे मान्य केले. जावाची सहावी आवृत्ती ॲपल देत राहील आणि सातवीपासून पुढे ओरॅकल देईल, अशी वाटणी झाली. एप्रिल २०१२ पासून मॅकसाठीची सातवी आवृत्ती ओरॅकलकडून मिळू लागली. भांडार अगोदर उघडलेले नसते, तर दोन कंपन्यांच्या वाटाघाटींवर सारे अवलंबून राहिले असते.

येथे कथा संपवून ओरॅकलला शाबासकी देणे सोपे आहे. परंतु २०१९ पासून ओरॅकलनेही आपल्या जावाच्या तेव्हा सर्वाधिक रूढ असलेल्या आठव्या आवृत्तीच्या नव्या दुरुस्त्यांसाठी व्यापारी ग्राहकांकडून पैसे मागण्यास प्रारंभ केला. २०२३ मध्ये तर तिने वर्गणीचा हिशेब ग्राहक-कंपनीच्या एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर नेऊन ठेवला. म्हणजे नवा पालकही मालकच निघाला. त्या वेळी ग्राहकांना आसरा मिळाला तो पुन्हा त्याच सामायिक भांडारातून. कारण खुल्या आराखड्यावरून जावा तयार करून ती फुकट देणाऱ्या अनेक संस्था तोवर उभ्या राहिल्या होत्या. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने मॅकचा मूळ प्रोसेसरच बदलला, तेव्हाही हेच घडले. नव्या यंत्रासाठी दुभाष्या हवा होता. तो अझूल या दुसऱ्याच कंपनीच्या पुढाकाराने भांडारात दाखल झाला आणि सप्टेंबर २०२१ च्या सतराव्या आवृत्तीत सर्वांना मिळाला. आज मॅकवर चालणारी जावा फुकट देणाऱ्यांमध्ये मायक्रोसॉफ्टही आहे. वीसहून अधिक वर्षांपूर्वी जिने जावाचा रस्ता अडविला, तीच कंपनी आता जावाला प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात पोचविते. कंपन्यांचे हृदयपरिवर्तन झाले असे मानण्याचे कारण नाही. आराखडा सामायिक असल्यामुळे त्याची देखभाल करणे कोणाच्या ना कोणाच्या हिताचे ठरते आणि एकाने हात काढला तरी दुसऱ्याला हात घालता येतो, एवढाच याचा अर्थ आहे.

मनमाडचा धडा

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख संगणकापूर्वीची आहे. ब्रॉडगेज व मीटरगेज हे दोन मार्ग जेथे मिळत, त्या मनमाडसारख्या स्थानकांवर एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. त्या चढउताराचा खर्च रूळ टाकणाऱ्यांनी सोसला नाही. तो मराठवाड्याच्या शेतकऱ्याने, व्यापाऱ्याने आणि ग्राहकाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. १९९२ मध्ये एकाच मापाचा कार्यक्रम हाती घेईपर्यंत हे चालले. मराठी मजकुराचेही तेच झाले. एका कंपनीच्या अक्षरसंचात टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य चिन्हांची रांगोळी दिसे, हा अनुभव कार्यालयांतील लिपिकांना आणि छापखान्यांना पुरेपूर आहे. युनिकोड या सामायिक संकेताचा वापर रुळला तेव्हाच तो त्रास आटोक्यात आला.

भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले तेही योगायोगाने नोव्हेंबर २०१० मध्येच. धोरण स्तुत्य आहे. पण मानक खुले असणे आणि त्याच्या देखभालीला माणसे व पैसा असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सार्वजनिक विहीर सर्वांसाठी खुली ठेवून भागत नाही; दरवर्षी तिचा गाळ काढावा लागतो. शासकीय कार्यालये, विद्यापीठे आणि या भाषांवर कोट्यवधींचा व्यवसाय करणाऱ्या आपल्याकडील कंपन्या यांनी सामायिक भांडारातून उपसा करताना गाळ काढण्यातही वाटा उचलला पाहिजे. खरेदीच्या वेळी केवळ किंमत न पाहता तीन प्रश्न विचारण्याची शिस्त लावून घेतली पाहिजे: याची दुरुस्ती कोण करणार, त्याने हात काढला तर दुसऱ्या कोणाला ती करता येईल काय, आणि हात काढण्यापूर्वी किती मुदत मिळेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विक्रेता हसतमुखाने देतो. दुसऱ्या दोहोंवर तो गप्प बसला तर व्यवहार पुढे नेऊ नये.

शिक्षकांपुढचे काम अधिक नाजूक आहे. एखादे साधन आज बाजारात चालते म्हणून तेवढेच पढवून विद्यार्थी बाहेर पाठविणे म्हणजे त्याचे भवितव्य दूरच्या एका कंपनीच्या टिपणाशी बांधून टाकणे होय. जावा जरूर शिकवावी. परंतु तिच्यामागची दुभाष्याची कल्पना, भाषांतराची रीत आणि प्रोग्रॅम रचण्याची तत्त्वे विद्यार्थ्याच्या अंगी बाणली, तर साधन बदलल्यावर तो निराधार होणार नाही. सामायिक भांडारातील एखादी लहानशी दुरुस्ती करून पाहणे, हा पदवीच्या अभ्यासक्रमाचा भाग करण्यास मोठा खर्चही येत नाही.

ॲपलने २०१० मध्ये भार खाली ठेवला म्हणून जावा बुडाली नाही. ती मॅकवर आजही चालते आणि पूर्वीपेक्षा अधिक ताजी असते. ती तगली याचे श्रेय कोणा एका कंपनीच्या औदार्याला देता येणार नाही. तिचा आराखडा वेळीच सर्वांचा झाला होता आणि तो सांभाळणारे हात अनेक होते. जी वस्तू सर्वांची आहे तिच्या देखभालीची व्यवस्थाही सर्वांनी मिळून आणि आधीच करून ठेवावी लागते. संकट आल्यावर मालकाच्या नावाने बोटे मोडून ती उभी राहत नाही.